पिल्लाचा अपराध : कुत्र्याच्या घरगुती शिस्तीचा अर्धाच वाचलेला इतिहास

#धागा

महाभारताच्या आरंभी, कौरव-पांडवांची कथा सुरू होण्याच्याही आधी, एका कुत्र्याच्या पिल्लाला मार बसतो. परीक्षिताचा पुत्र जनमेजय आपल्या भावांसह कुरुक्षेत्रावर दीर्घ सत्र करीत असतो. देवांची कुत्री सरमा हिचे पिल्लू तेथे येते, आणि श्रुतसेन, उग्रसेन व भीमसेन हे राजाचे तिघे भाऊ त्याला मारून हाकलतात. पिल्लू रडत आईकडे जाते. तू काहीतरी अपराध केला असशील, अशी शंका आईलाही येते. पिल्लू सांगते की आपण हविर्द्रव्याकडे पाहिलेही नाही, ते चाटलेही नाही. मग सरमा थेट सत्रस्थानी जाऊन जाब विचारते. कोणीच उत्तर देत नाही. निरपराधाला मारल्याबद्दल ती शाप देते की तुमच्यावर अदृष्ट भय कोसळेल. सम्राट जनमेजय त्या शापाने इतका अस्वस्थ होतो की सत्र संपताच शापाचे निवारण करील असा पुरोहित शोधू लागतो.

आदिपर्वातील ही कथा बहुतेक वाचक घाईने ओलांडतात. युद्ध पुढे असते. परंतु तिच्यातला प्रश्न आज पुण्या-मुंबईच्या सदनिकांमध्ये रोज उभा राहतो. आठ आठवड्यांचे पिल्लू घरी येते, दिवाणखान्यातल्या गालिच्यावर शू करते, आणि घरातले कोणीतरी त्याची मान धरून नाक त्या ओल्या जागेवर घासते किंवा वर्तमानपत्राची गुंडाळी पाठीत घालते. समर्थन ठरलेले असते : ‘पूर्वीपासून असेच शिकवतात.’

सरमेच्या पिल्लाने काहीच केले नव्हते, याने निदान गालिचा तरी भिजवला आहे, असा आक्षेप कोणी घेईल. पण इतिहास नीट पाहिला तर अपराध येथेही सापडत नाही. आणि ‘पूर्वीपासून’ हा शब्द तर मुळीच टिकत नाही.

आधी पिल्लाचे शरीर. जन्मल्यानंतरचे पहिले दोन-तीन आठवडे पिल्लाला स्वतःहून मलमूत्र विसर्जन करता येत नाही. आई त्याचे पोट व मागचा भाग चाटते तेव्हाच ते घडते, आणि जे बाहेर पडते ते आईच साफ करून टाकते. म्हणून जिथे पाच-सहा पिल्ले वाढत आहेत ती जागाही कोरडी राहते. तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास पिल्ले अडखळत चालू लागतात आणि आपण होऊन झोपण्याच्या जागेपासून थोडी दूर जाऊन विधी उरकतात. अमेरिकेतील मेन राज्यात बार हार्बर येथील जॅक्सन प्रयोगशाळेत जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी पाच जातींच्या कुत्र्यांवर अनेक वर्षे संशोधन केले व १९६५ मध्ये ते ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. साडेआठ आठवड्यांच्या सुमारास पिल्ले या कामासाठी ठरावीक जागा निवडू लागतात, हे त्यांनी नोंदवले आहे.

याचा अर्थ असा की स्वच्छतेचा पहिला धडा माणूस देतच नाही. ‘जिथे निजायचे तिथे घाण करायची नाही’ हे पिल्लू आईच्या कुशीतूनच घेऊन येते. माणसाला शिकवायचे असते ते एवढेच, की ‘निजायची जागा’ म्हणजे फक्त कोपऱ्यातली गोधडी नव्हे, तर सहाशे चौरस फुटांचे सबंध घर. दोन वीत लांबीच्या प्राण्याला दिवाणखान्याचा दूरचा कोपरा हे परगावच वाटते.

आता घराकडे वळावे. मराठी मुलखातल्या जुन्या घराची रचना आठवून पाहावी : अंगण, ओसरी, पडवी, मग माजघर, स्वयंपाकघर आणि मागे परसू. कुत्र्याची मजल फार तर ओसरीपर्यंत. दत्ताच्या पायांशी चार कुत्री असतात, खंडोबाच्या सोबत कुत्रा असतो, शाहू महाराजांच्या खंड्याची तर संगम माहुलीला समाधी आहे. पण या आदराने कुत्र्याला सोवळ्याच्या माजघराचे दार उघडून दिले नाही. त्याच्या वाटणीची चतकोर भाकरी त्याला दारातच मिळे. धनगराचा कुत्रा तर मेंढरांबरोबर उघड्या माळावर निजतो. अशा जगात पिल्लाला ‘घरात घाण करू नकोस’ असे शिकवण्याचा प्रसंगच विरळा. दार उघडे, अंगण चार पावलांवर, आणि पिल्लाची उपजत बुद्धी शाबूत; काम आपोआप होई. ज्या पूर्वजांच्या नावाने आज पिल्लाचे नाक घासले जाते, त्यांच्यापैकी बहुतेकांच्या घरात ही अडचणच नव्हती.

अडचण निर्माण झाली ती दार बंद झाल्यावर, आणि ते बंद झाले शहरात.

एकोणिसाव्या शतकातील लंडनची एक विलक्षण नोंद येथे सांगण्यासारखी आहे. हेन्री मेह्यू या पत्रकाराने लंडनच्या कष्टकरी वर्गावर जो प्रचंड ग्रंथ लिहिला, त्यात कुत्र्यांची विष्ठा वेचून पोट भरणाऱ्या माणसांचे वर्णन आहे. बर्मंड्सी भागातील कातडी कमावणारे कारखाने ती विकत घेत. बादलीला साधारण आठ-दहा पेन्स मिळत, उत्तम मालाला शिलिंगाहून अधिक. कातडे शुद्ध करण्यासाठी ती वापरली जाई, म्हणून त्या धंद्यात तिला नावच मुळी ‘प्युअर’, म्हणजे ‘शुद्ध’, असे पडले होते! रस्त्यावर जी वस्तू बादलीच्या मापाने विकली जाई, तीच दिवाणखान्यातल्या गालिच्यावर पडली की अनर्थ ठरे. पुढे काळ फिरला आणि १९७८ मध्ये न्यूयॉर्कने कुत्र्याची विष्ठा मालकानेच उचलावी असा कायदा लागू केला. विष्ठा तीच, माणसाच्या भिंती, बाजार आणि कायदे तेवढे बदलत गेले. त्या बदलांचा हिशेब मात्र दर वेळी पिल्लाच्या नावावर मांडला गेला.

मग मार कुठून आला? मारणे नवे नाही, हे सरमेच्या कथेतच दिसते. परंतु मारण्याला ‘शास्त्र’ म्हणून जो मान मिळाला तो बराच अलीकडचा, आणि त्यावर बराकीची छाप आहे. प्रशियाच्या पोलीस दलातील कोन्राड मोस्ट याने १९१० मध्ये श्वानप्रशिक्षणावर एक जर्मन पुस्तक लिहिले. पोलिसी आणि लष्करी कुत्र्यांच्या शिक्षणावर त्याचा खोल ठसा उमटला. मोस्ट हुशार होता. बक्षीस किंवा शिक्षा कृतीला चिकटून आली तरच कुत्र्याला तिचा अर्थ लागतो आणि माणसाची नीतिकल्पना त्याच्यावर लादणे व्यर्थ आहे, हे त्याने ओळखले होते. मात्र त्याच्या पद्धतीत काटेरी पट्टा आणि छडी यांनाही मानाचे स्थान होते. पुढच्या पिढ्यांनी छडी उचलली, बाकीचे पुस्तकातच राहू दिले. दुसऱ्या महायुद्धात लष्करी कुत्री शिकवलेला विल्यम केलर नंतर अमेरिकेत घरगुती कुत्र्यांचा नामांकित शिक्षक झाला. त्याच्या १९६२ च्या पुस्तकात, खड्डे उकरणाऱ्या कुत्र्याचे डोके पाण्याने भरलेल्या खड्ड्यात बुडवावे, असा उपाय आहे. शत्रूवर सोडायच्या कुत्र्यासाठी घडवलेली शिस्त अशी दोन महिन्यांच्या पिल्लापर्यंत येऊन पोचली.

याच सुमारास लांडग्यांचाही आधार घेतला गेला. रुडॉल्फ शेंकेल याने १९४७ मध्ये बाझेलच्या प्राणिसंग्रहालयातील लांडग्यांवर लेख लिहिला. एकमेकांशी नाते नसलेले, कुंपणात कोंबलेले ते लांडगे वर्चस्वासाठी झगडत. त्यावरून ‘कळपाचा म्होरक्या’ ही कल्पना लोकप्रिय झाली आणि ‘घरात शू करणारे पिल्लू मालकाच्या सत्तेला आव्हान देत आहे’ असा हास्यास्पद निष्कर्षही तिच्या आडोशाने फिरू लागला. ती कल्पना ज्याच्या १९७० च्या पुस्तकाने दूरवर पोचवली, त्या डेव्हिड मेच यानेच १९९९ मध्ये दाखवून दिले की रानातला कळप म्हणजे सहसा आई, बाप आणि त्यांची पिल्ले. म्होरके म्हणजे निव्वळ आईबाप. पुस्तक पुन्हा छापू नये म्हणून तो प्रकाशकाला विनवीत राहिला. पिल्लाच्या मूत्राशयात सत्ताकारण नसते. असते ते लहान मूत्राशय.

तरीही मार टिकून राहिला, आणि त्याचे कारण पुस्तकांपेक्षा कुत्र्याच्या चेहऱ्यात आहे. मालक कामावरून येतो, फरशीवर डबके दिसते, आवाज चढतो. पिल्लू कान पाडते, शेपूट पायांत घालते, नजर चुकवते. ‘पाहा, त्याला ठाऊक आहे आपण काय केले ते!’ येथे खटला संपतो. आरोपीने कबुली दिली.

ही कबुली खोटी आहे, याचा एक सुंदर पुरावा दुसऱ्या शतकातला आहे. अलेक्झांडरच्या मोहिमांचा इतिहासकार अ‍ॅरियन इतिहासप्रेमींना परिचित आहेच. भारतवर्णनपर ‘इंडिका’ही त्याचीच. कॅपाडोशियाचा हा रोमन प्रांताधिपती शिकारी कुत्र्यांवरही एक पुस्तक लिहून गेला. त्यात त्याने आपल्या होर्मे नावाच्या कुत्रीविषयी इतक्या मायेने लिहिले आहे की सेनापतींच्या चरित्रांतही तेवढी माया आढळत नाही. घरी असताना ती त्याच्याजवळून हलत नसे. लहानपणी तिला चाबकाचा मार बसला होता. त्यामुळे पुढेही कोणी चाबकाचे नुसते नाव काढले तरी ती त्या माणसापाशी जाई, दबून बसे, विनवणी करी, तोंडाला तोंड लावी, गळ्याशी लोंबकळे आणि त्याचा राग निवळेपर्यंत सोडत नसे. अ‍ॅरियनने जे पाहिले तेच लिहिले. होर्मेने त्या क्षणी कोणतीही चूक केलेली नसे. ती पश्चात्ताप करीत नव्हती, रागावू शकणाऱ्या माणसाची मनधरणी करीत होती. पिल्लूपणीच्या चाबकाने तिला शिकवले ते एवढेच.

न्यूयॉर्कच्या बार्नार्ड महाविद्यालयातील अलेक्झांड्रा हॉरोविट्झ यांनी २००९ मध्ये हेच प्रयोगाने पडताळले. १४ कुत्री घेतली. मालकाने खाऊला तोंड लावू नकोस असे बजावून खोलीबाहेर जायचे; मागे कुत्र्याने खाऊ खाल्ला की नाही, हे त्याला कधी खरे सांगायचे, कधी खोटे. ‘अपराधी’ चेहऱ्याचा संबंध खाऊ खाण्याशी नव्हताच; तो मालकाच्या रागावण्याशी होता. सर्वांत अपराधी दिसली ती खाऊला न शिवता ओरडा खाल्लेली कुत्री. सरमेला हा प्रयोग कळता तर तिला नवल वाटले नसते.

शिक्षेचा वेळही चुकलेला असतो. कृती आणि परिणाम यांत काही क्षणांहून अधिक अंतर पडले की प्राण्याच्या मनात त्यांची सांगड बसत नाही, हे थॉर्नडाइक व स्किनर यांच्या प्रयोगांनंतर सर्वमान्य आहे. तासाभरापूर्वीच्या शूबद्दल आत्ता मार खाणारे पिल्लू ‘घरात शू करू नये’ हे शिकत नाही. ते ‘माणसासमोर शू करू नये’ हे शिकते. मग ते सोफ्यामागे जाऊन करते, आणि बाहेर साखळीला बांधून नेले तर मालकाच्या देखत करायलाच घाबरते. मालक त्याला हट्टी म्हणतो.

खरा उपाय कंटाळवाणा आहे, कदाचित म्हणूनच तो लोकप्रिय नाही. झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळल्यावर पिल्लाला प्रत्येक वेळी ठरलेल्या जागी न्यावे, थांबावे, काम झाले की त्याच क्षणी शाबासकी आणि खाऊ द्यावा. जेवढे महिने वय तेवढे तास, फार तर एक तास जास्त, ते कळ धरू शकते, असा ढोबळ हिशेब आहे. रात्री उठावे लागते. घरात चूक झाली तर न बोलता पुसावे, आणि मूत्राचा वास पुरता जाईल असे, कारण त्या वासानेच पिल्लू पुन्हा तिथे येते.

सातव्या मजल्यावर हे अधिक अवघड असते. लसी पूर्ण होईपर्यंत पिल्लाला खाली रस्त्यावर नेऊ नये असे पशुवैद्य सांगतात, आणि लिफ्ट येईपर्यंत ते थांबू शकत नाही. म्हणून गॅलरीत जुनी वर्तमानपत्रे अंथरली जातात. काही काळापुरते ते ठीक. पण या वयात पिल्लू जागेबरोबर पायाखालचा स्पर्शही लक्षात ठेवते, हे विसरू नये. दोन महिने कागदावर शिकवलेल्या पिल्लाने आजोबांनी खुर्चीजवळ ठेवलेल्या ताज्या अंकावर पाय फाकवले, तर त्याने धडा अचूक पाठ केला आहे. तोच अंक गुंडाळून त्याला मारणे हा शिक्षणशास्त्रातला अजब प्रकार होय. गॅलरीत मातीचा किंवा हिरवळीचा एखादा ट्रे ठेवला तर पुढे अंगणाशी ओळख सोपी जाते.

भारतात प्राण्याला मारहाण करून विनाकारण वेदना देणे हा १९६० च्या कायद्यानुसार गुन्हा आहे. राज्यसभेत रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी त्यासाठी पाठपुरावा केला आणि प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा झाला. त्यात पहिल्या गुन्ह्यासाठी कमाल ५० रुपये दंड ठरला. सहा दशके उलटली तरी रक्कम तीच राहिली. भिजलेला गालिचा धुवायला टाकला तर याहून कितीतरी जास्त पैसे लागतात.