शनिवार-रविवारचे दक्षिणायन

मुलाकडे किंवा मुलीकडे अमेरिकेला जाऊन आलेल्या आईवडिलांची आपल्याकडे आता एक स्वतंत्र जमातच झाली आहे. संध्याकाळी कुठल्याही बागेतल्या बाकावर ती भेटते. नायगारा पाहिलेला असतो, न्यूयॉर्कची ती मशालवाली देवी पाहिलेली असते. पण सहा महिन्यांतले उरलेले साडेपाच महिने काय केले असे विचारले, की आवाज जरा खाली येतो. मुले सोमवार ते शुक्रवार कामावर. पायी जावे असे आसपास काही नाही. शनिवारी आठवड्याचा बाजार, रविवारी धुणे आणि सोमवारच्या डब्यांची तयारी. म्हणजे पृथ्वीला अर्धी प्रदक्षिणा घालून माणूस पुन्हा खिडकीशीच बसायचा!

हा लेख या मंडळींसाठी, आणि त्यांना हिंडवण्याची इच्छा असून कुठे न्यावे हे न सुचणाऱ्या मुलासुनांसाठी आहे. एरवी या सदरात मला दीड रकान्यात आटोपावे लागते. दिवाळीत संपादकांचा हात सैल असतो, तेव्हा जरा लांबचा फेरा करू.

माझी धाकटी बहीण पंधरा वर्षे अटलांटाला राहते. मागल्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही उभयता तिच्याकडे गेलो होतो. एका गुरुवारी ती म्हणाली, "दादा, उद्या मी दुपारीच सुटते. पूर्वेला समुद्राकडे जाऊ. तुला आणि वहिनींना चालायला आवडतं ना? तिथे चालायला रस्ते आहेत." 'चालायला रस्ते आहेत' ही अमेरिकेत एखाद्या गावाची थोरवी ठरू शकते, हे तिथे गेल्याशिवाय समजत नाही.

अटलांटापासून सव्हाना अडीचशे मैल. मोटारीने चार तास. याच वाटेने १८६४ च्या नोव्हेंबरात जनरल शर्मनची फौज अटलांटा जाळून निघाली होती, आणि तिला महिन्याहून अधिक काळ लागला होता. अमेरिकेत 'दक्षिण' म्हणतात ती केवळ नकाशातली दिशा नव्हे. गुलामगिरी टिकावी म्हणून १८६०-६१ साली जी राज्ये संघातून फुटून निघाली, त्यांचे हे नाव आहे. वाटेतले सारे उद्ध्वस्त करीत आलेल्या शर्मनने सव्हाना मात्र जाळले नाही. ते जिंकून त्याने अध्यक्ष लिंकनला नाताळची भेट म्हणून तारेने अर्पण केले. म्हणून ते आज पाहायला शिल्लक आहे.

आणि काय सुंदर आहे! १७३३ साली जेम्स ओगलथॉर्प नावाच्या गृहस्थाने हे गाव वसवले, तेव्हाच ठरवून टाकले की थोडी घरे झाली की मध्ये एक मोकळा चौक सोडायचा. असे चोवीस चौक पुढे झाले, त्यांतले बावीस आजही आहेत. दोन-तीन मिनिटे चालावे, की समोर झाडी, बाके, एखादा पुतळा किंवा कारंजे. सदाहरित ओकांच्या फांद्या रस्त्यावर कमान धरतात आणि त्यांवरून करड्या जटा लोंबत असतात. त्यांना 'स्पॅनिश मॉस' म्हणतात. पण त्या स्पेनच्याही नव्हेत आणि शेवाळही नव्हेत. वनस्पती अननसाच्या कुळातली आहे! वडाच्या पारंबीला जमिनीची ओढ असते, हिला नसते. ती हवेवरच जगते आणि झाडाकडे फक्त टेकायला जागा मागते.

हे सौंदर्य आपोआप टिकलेले नाही. १९५४ साली गावातली जुनी मंडई पाडून तिथे मोटारी ठेवायची इमारत उभारण्यात आली. पुढच्याच वर्षी १८२० सालचे एक घर त्याच गतीला जाणार, तोच गावातल्या सात बायकांनी पैसे उभे करून ते विकत घेतले, आणि तिथून पुढे एकेक वास्तू वाचत गेली. मंडईच्या जागेवरची ती इमारतही अखेर गेली आणि २०१० साली तिथला चौक पुन्हा खुला झाला. गाडीतळासाठी वाडे पाडणारी गावे आम्हीही पाहिली आहेत. गाडीतळ पाडून चौक परत आणणारे गाव मी हे पहिलेच पाहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी 'ओवेन्स-थॉमस' नावाचे १८१९ सालचे श्रीमंती घर पाहायला गेलो. पुढच्या बाजूला खांब, सज्जे, झुंबरे. मधल्या बागेपलीकडे मागच्या अंगाला गुलामांच्या राहण्याच्या खोल्या. तिथल्या छताला जुना निळा रंग अजून आहे. नीळ, चुना आणि ताक कालवून तो करीत. भुतेखेते निळ्याला भितात अशी समजूत. चुन्यात नीळ कालवणे आपल्याही भिंतींना ओळखीचे आहे, म्हणून ते छत पाहताना मी जरा रेंगाळलो. बारा वर्षांची भाची शेजारी उभी होती. तिने विचारले, "मामा, पुण्याच्या आपल्या जुन्या वाड्याला पण असं मागचं दार होतं का?"

होते. बोळातून यायचे. त्या दाराने कोण येत असे आणि त्यांना पुढच्या दाराने का येता येत नसे, हे मी तिला तिथेच बागेतल्या बाकावर बसून सांगितले. गुलामांची विक्री आणि आपला विटाळ या दोन गोष्टी एक नव्हेत, हेही सांगितले. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आणि मग तुमच्याकडे तो भाग कोण दाखवतं?" याला मजजवळ उत्तर नव्हते. जुन्या वाड्यांच्या देवड्या आणि दिवाणखाने हौसेने दाखवणारे मी पुष्कळ पाहिले आहेत. बोळ दाखवणारा एकही पाहिलेला नाही.

या गावांची खरी गोष्ट इथेच आहे. जॉर्जियाच्या वसाहतीत आधी गुलामांना बंदी होती. १७५१ पासून ती उठली, आणि मग भात, नीळ आणि कापूस यांच्या पैशावर ही घरे उभी राहिली. मार्च १८५९ मध्ये, एका मालकाचे कर्ज फेडण्यासाठी सव्हानाबाहेरच्या घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर दोन दिवस लिलाव चालला. यादीत ४३६ माणसे होती, तान्ह्या मुलांसकट. त्या दोन दिवसांत पाऊस थांबला नाही म्हणतात. लोक त्याला 'रडण्याची वेळ' म्हणतात. त्या भागात आता एक फलक आहे. घोडागाडीतून हिंडवणारे तिकडे नेत नाहीत. आपण आपले जावे.

नदीकाठी उतरलात, तर गलबतांचा तोल राखण्यासाठी आणलेल्या दगडांची फरसबंदी आणि त्यावर कापसाच्या अडत्यांच्या उंच पेढ्या दिसतील. मुंबईकराने तिथे घटकाभर उभे राहावे. कापसातली सरकी काढण्याचे यंत्र एली व्हिटनीने १७९३ साली इथून जवळच्याच एका मळ्यावर तयार केले. इंग्लंडच्या गिरण्या या दक्षिणेच्या कापसावर चालू लागल्या. १८६१ मध्ये युद्ध पेटले, उत्तरेच्या आरमाराने ही बंदरे कोंडली, आणि लँकेशायरचा मोर्चा आपल्या कापसाकडे वळला. मुंबईत पैशाचा पूर आला. समुद्र बुजवण्याच्या कंपन्यांचे शेअर आभाळाला भिडले. १८६५ साली तिकडे युद्ध संपले आणि इकडे पेढ्या कोसळल्या. राजाबाई टॉवरला प्रेमचंद रायचंदांनी पैसे दिले ते त्याच भरतीच्या काळात. तेव्हा सव्हानाच्या या पेढ्या आपल्याला अगदीच परक्या नव्हेत.

शनिवारी दुपारी चार्ल्स्टनकडे निघालो. अंतर शंभर मैलांहून थोडे अधिक. पण सरळ जाऊ नये. मध्ये ब्यूफर्टला थांबावे. (याच अक्षरांचे एक गाव उत्तर कॅरोलायनात आहे, त्याचा उच्चार 'बोफर्ट'. उच्चार चुकला, तर हॉटेलातली मुलगी हसून सुधारते.) गाव लहान, खाडीच्या काठाला, दलदलीतले उंच गवत वाऱ्याबरोबर डोलत असते. इथल्या एका घराच्या मागच्या खोलीत १८३९ साली रॉबर्ट स्मॉल्स गुलाम म्हणून जन्मला. बारा वर्षांचा असताना त्याला चार्ल्स्टनला मजुरीवर पाठवले. तिथे तो आगबोटीवर सुकाणू धरायला शिकला. १३ मे १८६२ च्या पहाटे गोरे अधिकारी किनाऱ्यावर झोपायला गेलेले पाहून त्याने 'प्लँटर' नावाची तोफांनी भरलेली बोट सोडली, वाटेत बायकामुलांना घेतले, कप्तानाची गवती टोपी डोक्यावर ठेवली, आणि किल्ल्यांपाशी बरोबर खुणेच्या शिट्या देत ती उत्तरेच्या आरमाराच्या हवाली केली. पुढे त्याने आपल्या जुन्या मालकाचे तेच घर विकत घेतले आणि अमेरिकेच्या काँग्रेसमध्ये तो पाच वेळा निवडून गेला. घर बाहेरूनच पाहायचे. पुढच्या दाराकडे पाहताना भाची आपणहून हसली.

चार्ल्स्टन मात्र शहर आहे. आणि आपण देखणे आहोत हे त्याला पक्के ठाऊक आहे. रंगीत घरांची तेरा जणांची ती प्रसिद्ध ओळ पाहायला जो तो जातो. मला अधिक आवडली ती तिथली 'एकेरी' घरे. रस्त्याकडे त्यांची फक्त एका खोलीची रुंदी असते. दार उघडावे, तर आत दिवाणखाना नाही, लांबच लांब ओसरी! समुद्रावरचा वारा धरण्यासाठी ही ओसरी दक्षिणेला किंवा पश्चिमेला काढलेली. जुनी वस्ती जशीच्या तशी राखण्याचा कायदा या शहराने १९३१ सालीच केला. त्या देशात तो पहिला.

बंदरातून बोटीने अर्ध्या तासावर फोर्ट सम्टर आहे. त्या युद्धाची पहिली तोफ १२ एप्रिल १८६१ ला पहाटे त्याच्यावरच डागली गेली. रविवारी सकाळी हाताशी एकच गोष्ट असेल, तर मी तो किल्ला सोडीन आणि जुन्या गॅड्सडेन धक्क्यावरच्या संग्रहालयात जाईन. आफ्रिकेतून पकडून आणलेल्या माणसांची गलबते जिथे लागत, त्याच जागी २०२३ साली ते उघडले. इमारत खांबांवर तोललेली आहे, जमिनीवर टेकलेली नाही. खाली उथळ पाणी येते आणि ओसरते. त्याच्या तळाला गलबतात खेटून निजवलेल्या माणसांच्या आकृती कोरलेल्या. मुले बोलत नाहीत तिथे. सौ. तर चपला काढून उभी राहिली.

बाजारात गेलात, तर गवताच्या टोपल्या विणणाऱ्या बायका दिसतील. त्यांचे मूळ काम टोपल्यांचे नव्हे, सुपांचे. पश्चिम आफ्रिकेच्या भातखाचरांतून आणलेल्या लोकांनीच इथल्या दलदलीत भात पिकवण्याची विद्या आणली. उखळात कांडायचे आणि गवताच्या पसरट सुपाने पाखडायचे. सौभाग्यवतींनी सूप हातात घेऊन, वारा नसतानाही, दोनदा झटका दिला. विणणारी बाई तोंडभर हसली. किंमत ऐकून आमचे हसे थांबले, कारण चांगली टोपली शेकडो डॉलरना जाते. पण एकेका टोपलीला लागणारे दिवस मोजले, तर घासाघीस करवत नाही. लहानशी एक घेतली. आता तिच्यात देवघरातल्या वाती असतात.

या बायकांची भाषा गला. हिला पिढ्यान् पिढ्या लोक मोडके इंग्रजी म्हणून हसले. १९४९ साली लोरेन्झो टर्नर या कृष्णवर्णी भाषाशास्त्रज्ञाने तिच्यातले हजारो आफ्रिकी शब्द मांडून दाखवले, तेव्हा हसणारे थांबले. भेंडीला तिकडे 'गंबो' म्हणतात तो शब्द आफ्रिकेतला. आमच्या वर्गातही एखाद्या मुलाच्या बोलीला इतर मुले हसतात तेव्हा, अभ्यासक्रमात नसूनही, मी हा टर्नर शिकवतो.

आता पोटोबा. शाकाहारी माणसाने इथे डोळे उघडे ठेवावे. भाजी म्हणून पानात येते तिच्यात डुकराच्या हाडाचा रस असतो. चवळी-भातातही बहुधा असतोच. हा चवळी-भात मंडळी वर्षाच्या पहिल्या दिवशी शुभ म्हणून खातात. 'ग्रिट्स' म्हणजे मक्याच्या कण्या. त्या कोळंबीशिवाय, लोणी घालून मागवाव्यात, उत्तम लागतात. आमच्या बहिणीने दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बरोबर घेतली होती, आणि तिचे हे करणे पहिल्याच रात्री सार्थकी लागले.

जायचे ते मार्च-एप्रिलात किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबरात. जून ते ऑगस्ट मुंबईसारखा घाम येतो. ऑगस्ट-सप्टेंबरात वादळांकडे लक्ष ठेवावे. राहण्याची खोली जुन्या वस्तीतच घ्यावी. दोन पैसे जास्त पडतात, पण मोटार एकदा ठेवली की रविवारपर्यंत हलवावी लागत नाही. चार्ल्स्टनहून अटलांटा तीनशे मैल, पाच तास. तेव्हा रविवारी दोनला निघालात, तर दिवेलागणीनंतर घरी पोचाल आणि सोमवारचे डबे करायला वेळ राहील.