कोपऱ्याची किंमत

लिलावाला 'हर्रास' म्हणणारी मंडळी आमच्या जालन्यात अजून पुष्कळ आहेत. निजामी अंमल जाऊन पाऊणशे वर्षे उलटली, तरी हा शब्द काही गाव सोडायला तयार नाही. बाजार समितीत मोसंबीचे ढीग लागतात, आडत्या ढिगापाशी उभा राहतो, आकडा चढत जातो, आणि पाच मिनिटांत कुणाच्या तरी वर्षभराच्या कष्टांचा हिशेब होऊन जातो. ह्या आकडा पुकारण्याला म्हणतात 'बोली'. माझा धंदा मराठी शिकवण्याचा. वर्गात मी 'बोली' हा शब्द उच्चारतो तेव्हा माझ्या मनात वऱ्हाडी आणि अहिराणी असते, आणि समोरच्या बाकांवर बसलेल्या शेतकऱ्यांच्या मुलांच्या मनात बहुधा मोसंबी!

हे सारे सांगण्याचे कारण कबड्डी. आमच्या घरातल्या वडीलधाऱ्यांच्या लेखी ती अजून हुतूतूच आहे, आणि त्या हुतूतूत आता माणसांचा हर्रास होतो, हे त्यांना काही केल्या पटत नाही. पण होतो खरा. २०१४ साली प्रो कबड्डी लीग सुरू झाली तेव्हापासून होतो. प्रत्येक संघाला ठरावीक रक्कम दिलेली असते. तिच्यातच सगळा संसार मांडायचा. काही खेळाडू राखून ठेवता येतात. बाकीच्यांचा करार संपला की ते मोकळे. ज्याची बोली चढेल त्याचे. जुन्या मालकाला आपला माणूस फारच हवा असेल, तर शेवटच्या बोलीइतके पैसे मोजून तो परत घेण्याची एक सवलतही ठेवलेली आहे. सासरी निघालेल्या मुलीला वेशीवरून परत बोलवावे, तसा हा प्रकार!

आता, पैसा ओतायचा तो कुठे? सामान्य प्रेक्षकाला विचाराल तर तो म्हणेल, चढाईपटूवर. टाळ्या त्यालाच मिळतात. एकटा गडी सात जणांच्या घरात शिरतो, तीस सेकंदांत दोघा-तिघांना शिवून परत येतो. पाहणाऱ्याच्या अंगावर रोमांच उभे राहतात. कुंडलिकेच्या अलीकडे, आमच्या जुन्या जालन्यात, संध्याकाळी पोरे खेळताना पाहिली तर हेच दिसते. चढाईला जायला सगळे तयार. कोपरा राखायला कोणी तयार नाही. जो उशिरा आला किंवा ज्याचे कोणी ऐकत नाही, त्याला कोपऱ्यात उभे करायचे. शाळेत शिक्षा म्हणून कोपऱ्यात उभे करतात, तीच रीत मैदानावर आली असावी.

वास्तविक कबड्डीतला कोपरा ही शिक्षेची जागा नव्हे. सात जणांची जी कमान उभी राहते तिची दोन टोके म्हणजे डावा कोपरा आणि उजवा कोपरा. चढाईपटू आत आला, बोनस रेषेकडे पाय टाकू लागला, किंवा मधल्या गड्यांना हूल देऊन वळला, की त्याची पाठ किंवा पाऊल क्षणभर कोपऱ्याकडे येते. तेवढाच क्षण. त्या क्षणी कोपरारक्षकाने खाली झेपावून घोटा धरायचा. लवकर झेपावला तर समोरचा उडी मारून निघून जातो, आणि जाताना ह्याला बाद करून जातो. उशीर झाला तर मधली रेषा जवळ असते. आणि घोटा धरला म्हणजे काम झाले असेही नाही. उरलेले गडी येऊन अंगावर पडेपर्यंत तो धरून ठेवायचा! ते वेळेवर आले नाहीत, तर समोरचा दांडगा गडी पायाला लटकलेल्या माणसासकट रेषेपर्यंत सरपटत जातो आणि गुण घेऊन मोकळा होतो. म्हणून कोपऱ्यापाठोपाठ मध्यरक्षकाला महत्त्व. पकडीचा गुण कोपऱ्याच्या नावावर लागतो. त्यातला अर्धा वाटा पुष्कळदा दुसऱ्याचा असतो.

पुण्याच्या संघाने, म्हणजे पुणेरी पलटणने, २०२३ साली काय केले ते ह्या पार्श्वभूमीवर पाहायला हवे. त्या वर्षी ७ ऑक्टोबरला चीनमध्ये हांगचौ येथे आशियाई क्रीडास्पर्धेचा कबड्डीचा अंतिम सामना झाला. भारत विरुद्ध इराण. शेवटच्या मिनिटांत एका चढाईच्या गुणांवरून असा वाद पेटला की खेळ कितीतरी वेळ थांबून राहिला. अखेर भारताने ३३-२९ असा विजय मिळवला. पुढे दोनच दिवसांनी मुंबईत लीगचा लिलाव होता. इराणच्या त्याच संघातला मोहम्मदरझा शादलुई हा डावा कोपरारक्षक लिलावात आला आणि पुण्याने त्याला २ कोटी ३५ लाखांना घेतले. संघाजवळची एकंदर रक्कम पाच कोटी. महिन्याच्या पगारातला जवळजवळ निम्मा भाग एकाच वस्तूवर उडवून घरी येणाऱ्या गृहस्थाचे स्वागत कसे होईल, हे दिवाळी अंकाच्या वाचकांना मी सांगायला नको.

पण खरेदी डोळे मिटून केलेली नव्हती. ह्याच शादलुईला २०२१ मध्ये पाटण्याच्या संघाने ३१ लाखांत घेतले होते. त्या मोसमात त्याने पकडींचे ८९ गुण मिळवले आणि सगळ्या बचावपटूंत तो पहिला आला. २०२२ मध्ये दिल्लीविरुद्धच्या एकाच सामन्यात त्याने पकडींचे १६ गुण घेतले. कबड्डी जाणणाऱ्यांनी हा आकडा पुन्हा एकदा वाचावा. एखाद्या बचावपटूने सामन्यात पाच गुण घेतले तरी त्याची पाठ थोपटतात.

दुसरी गोष्ट अशी की पुण्याचे घर आधी भरलेले होते. अस्लम इनामदार, पंकज मोहिते, मोहित गोयत, आकाश शिंदे अशी तरुण पोरे संघाने राखली होती आणि ती फार महाग पडत नव्हती. ज्या घरात धान्य भरलेले आहे त्याने सोन्याचा दागिना घेतला, तर त्याला उधळ्या म्हणता येत नाही. शिवाय डाव्या कोपऱ्याच्या शेजारी मध्यरक्षक म्हणून आपला संकेत सावंत होता, पलीकडे तमिळनाडूचा अबिनेश नादराजन आणि उजव्या कोपऱ्याला हरियाणाचा गौरव खत्री. इराण, महाराष्ट्र, तमिळनाडू, हरियाणा अशी ही साखळी. नाव मात्र पुणेरी! डाव्या बाजूची धास्ती घेऊन चढाईपटू उजवीकडे झुकावा, तर तिथे गौरव खत्री टपलेला. शादलुईने त्या मोसमात पकडींचे ९९ गुण मिळवले. साखळी सामन्यांत पुणे २२ पैकी १७ जिंकले, ३ बरोबरीत सोडवले, फक्त २ हरले. आणि १ मार्च २०२४ रोजी हैदराबादेस हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असे नमवून पहिल्यांदाच विजेते झाले. अंतिम सामन्यात पंकज मोहितेने एका चढाईत चार गुण आणले त्याची चर्चा अधिक झाली. तशी ती होणारच.

इथवरची कथा ऐकून कोणालाही वाटेल की पुणेकरांनी ह्या माणसाला जपून ठेवले असेल. छे! त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये तो पुन्हा मोकळा झाला. पुण्याने त्याला परत घेतला नाही. आणि घेतला कोणी? पाच महिन्यांपूर्वी त्याच्याच संघाकडून हरलेल्या हरियाणाने. २ कोटी ७ लाख मोजून. मला ही खरेदी पुण्याच्या खरेदीहूनही अधिक चतुर वाटते. हरियाणाचा बचाव मुळात तगडा होता. उजव्या कोपऱ्याला राहुल सेठपाल, मध्ये कर्णधार जयदीप दहिया आणि संजय. भिंत तीन बाजूंनी उभी होती. चौथी बाजू कोणती, हे अंतिम सामन्यातल्या पराभवाने त्यांना शिकवले असावे. त्यांनी नेमकी तेवढीच विटांची रास विकत आणली. २९ डिसेंबर २०२४ रोजी हरियाणाने पाटण्याला ३२-२३ असे हरवले. मैदान कोणते? पुण्याचे बालेवाडी! शादलुई त्या मोसमातला सर्वांत मोलाचा खेळाडू ठरला. हरियाणासाठी त्या दिवशी चढाया गाजवणारा शिवम पटारे हा महाराष्ट्राचा. आपल्या घरच्या मैदानावर परक्या संघाला आपल्याच मुलाने जिंकून द्यावे आणि आपण टाळ्या वाजवाव्या की नाही अशा पेचात बसावे, ही स्थिती पुणेकरांना नवी होती. पुणे त्या मोसमात बाद फेरीपर्यंतही गेले नाही. अर्थात अस्लमच्या गुडघ्याची दुखापतही त्याला कारण होती, तेव्हा सगळा बोल कोपऱ्याला लावणे बरे नाही.

मग २०२५. पुन्हा हर्रास. ह्या खेपेस गुजरात जायंट्सने शादलुईला २ कोटी २३ लाखांना उचलले. त्या लिलावातली ही सर्वांत मोठी रक्कम. कर्णधारपदही दिले. लागोपाठ दोन मोसम दोन वेगळ्या संघांना विजेतेपद मिळवून देणारा माणूस, आता तिसऱ्याची पाळी, असे हिशेब मांडले गेले. गुजरातला पहिल्या आठांतही जागा मिळाली नाही. माणूस तोच, झेप तीच. शेजारी मात्र सावंत नव्हता, दहिया नव्हता. आणि जुळलेले शेजारी लिलावात मिळत नाहीत, ते मोसम-दोन मोसम एकत्र पडल्या-धडपडल्यावर तयार होतात. दागिना घेतला आणि मग घरात ज्वारी आहे की नाही ते पाहिले, असे झाले. ज्याने पुणे आणि हरियाणाचे यश पाहून 'महाग कोपरा घ्या, करंडक आणा' असे सूत्र काढले असेल, त्याने हे तिसरे उदाहरणही वहीत टिपून ठेवावे.

ह्यात कोणी निष्ठेचा प्रश्न काढतात. पूर्वी म्हणे पेठेतला गडी पेठेच्या मंडळाकडूनच खेळे. खेळे, हे खरे. पण चांगला गडी तेव्हाही जागेवर राहत नसे. लालबाग-परळच्या मंडळांतून घडलेल्या खेळाडूंना मध्य रेल्वे, एअर इंडिया, महिंद्रा, भारत पेट्रोलियम अशांचे संघ घेऊन जात. तिथे बोली पैशाची नसे, नोकरीची असे. कायम नोकरी, पुढे बढती, निवृत्तीनंतरचे थोडेफार काही. ज्या घरात एकच कमावता आणि खोली दहा बाय बाराची, त्या घरातल्या पोराला चांगल्या पकडीपायी रेल्वेचा पास मिळाला, तर त्याला कोणी फितूर म्हटले नाही. आजच्या हर्रासाबद्दल माझी तक्रार एवढ्यापुरतीच आहे. रक्कम डोळे दिपवणारी, पण मुदत दोन-एक मोसमांची. नोकरीतला कोपरारक्षक गुडघा गेल्यावर फायली हाताळत असे आणि पहिल्या तारखेला त्याच पगाराच्या रांगेत उभा राहत असे. लिलावातल्या माणसाला दरवर्षी आपले शरीर आडत्यासमोर ठेवावे लागते.

इराणचाच दुसरा एक डावा कोपरारक्षक आहे, फझल अत्राचली. शादलुईच्या आधीचा. २०१५ मध्ये यू मुंबाबरोबर विजेता, २०१६ मध्ये पाटण्याबरोबर विजेता. २०१८ साली मुंबईने त्याला एक कोटीला घेतले. लीगमध्ये कोटीचा आकडा गाठणारा तो पहिला परदेशी खेळाडू. त्याच वर्षी आशियाई स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात भारताला प्रथमच घरचा रस्ता दाखवणाऱ्या इराणच्या संघातही तो होता. लीगमध्ये पकडींचे पाचशेहून अधिक गुण त्याच्या नावावर आहेत. २०२२ मध्ये पुण्याने त्याला १ कोटी ३८ लाख दिले, २०२३ मध्ये गुजरातने १ कोटी ६० लाख. मग तिशी ओलांडलेल्या देहाचा भाव उतरू लागला. २०२४ मध्ये बंगालने ५० लाखांत नेले. २०२५ मध्ये दिल्लीने नेले ते ३० लाखांत. सात वर्षांपूर्वी एक कोटी मिळवणाऱ्या माणसाला त्या दिवशी दूरचित्रवाणीसमोर बसून काय वाटले असेल, हे मला पुष्कळदा मनात येते.

दिल्लीने मात्र त्याच्यासाठी घर नीट लावले होते. उजवीकडे सौरभ नांदल, मध्ये सुरजित सिंग, दोघेही मुरलेले. कुणी कुणाला सांगायला नको अशी ही माणसे. ३१ ऑक्टोबर २०२५ रोजी, दिवाळीचे फटाके विझून आठ-दहा दिवस झाले असतील, दिल्लीतच अंतिम सामना झाला. समोर पुणेरी पलटण. शादलुई नसलेले, गुणतक्त्यात पहिले आलेले पुणे. बहुतेक घरी वाढवलेल्या पोरांचे. आमच्या घरात मुले एका बाजूला आणि मी मनातून दुसऱ्या बाजूला, असा प्रकार होता, पण ते राहू द्या. शेवटची मिनिटे आली. दिल्ली दोन गुणांनी पुढे. पुण्याचा आदित्य शिंदे चढाईला आला. त्या दिवशी त्याने दहा गुण गाठले होते, अंगात वारे भरलेले होते, आणि सेकंद संपत चालले होते. तो डावीकडे वळला. तेहतीस वर्षांचा फझल थांबला, आणखी थोडा थांबला, आणि खाली गेला. बाकीचे येईपर्यंत त्याने सोडले नाही.

दिल्ली ३१, पुणे २८.