रक्ताची खूण आणि सुटकेची वाट

चैत्री पौर्णिमेस अमरावती-अकोल्याच्या मंदिरांतून सूर्योदयी हनुमंताचा पाळणा हलतो. पुष्कळ वर्षी याच पौर्णिमेच्या सुमारास ज्यू लोक वल्हांडण सण पाळतात, आणि ख्रिस्ती बांधवांचा उत्तम शुक्रवारही त्याच्या आगेमागे येतो. अमरावतीस १९५५ पासून कॅथलिक धर्मप्रांताचे पीठ आहे. शेजारच्या घरी सण कशाचा, हे जाणून घेणे गृहस्थधर्मास धरूनच आहे.

मूळ कथा हिब्रू शास्त्रातील ‘निर्गम’ ग्रंथात आहे. इस्राएल लोक मिसर देशी फारो राजाचे दास होते. विटा थापण्यात त्यांचा जन्म सरत होता. सुटकेच्या रात्री प्रत्येक घराने कोकरू मारून त्याचे रक्त दाराच्या चौकटीस लावावे आणि कंबर कसून सिद्ध राहावे, अशी आज्ञा झाली. ती खूण असलेली घरे मृत्यूने ओलांडली. ‘वल्हांडणे’ म्हणजे ओलांडणेच. मग मोशेच्या मागोमाग ते लोक दास्यातून बाहेर पडले.

आमच्या मनास ही रक्ताची खूण फार दिवस खुपत होती. शेंडगावी १८७६ साली जन्मलेल्या गाडगे महाराजांनी देवापुढे बकरी-कोंबडी कापणाऱ्यांवर आयुष्यभर कोरडे ओढले. आम्ही त्यांच्याच वऱ्हाडातले. त्या भरात अकोल्याच्या एका कीर्तनात आम्ही या कथेची थट्टा केली. हशा पिकला. आरतीनंतर एका वृद्ध श्रोत्याने हळूच विचारले, “महाराज, मंग शुनःशेपाची कथा कशी सांगता तुमी?” आम्ही निरुत्तर झालो.

ऐतरेय ब्राह्मणात बापाने शंभर गाईंना विकलेला शुनःशेप यूपास बांधला जातो. तो देवांची स्तुती करू लागतो आणि वरुणाचे पाश गळून पडतात. हिब्रू शास्त्रातही अब्राहाम आपल्या पुत्रास, इसहाकास, वेदीवर बांधतो; ऐन वेळी त्याचा हात अडविला जातो व झुडपात अडकलेला मेंढा अर्पण होतो. दोन्ही कथांचा शेवट बांधलेल्याची दोरी सुटण्यात आहे. आम्ही मात्र रक्त पाहिले, दोरी पाहिली नाही.

ख्रिस्ती आचार्यांनी या कथेचा निराळा अर्थ लावला. योहानाने येशूस देवाचा कोकरा म्हटले, पौलाने वल्हांडणाचा बळी. मिसर म्हणजे पापाचे बंधन आणि समुद्र उतरणे म्हणजे बाप्तिस्मा, असे ते सांगतात. येथे दुसऱ्याचा जीव घ्यावयाचा नाही, स्वतःचा द्यावयाचा आहे. फादर स्टीफन्स यांनी गोव्यात रायतूर येथे १६१६ साली छापलेल्या ख्रिस्तपुराणात मराठी ओवीतून हाच क्रम धरला : पहिले पुराण जुन्या कराराचे, दुसरे येशूचरित्राचे. आमच्या परिभाषेत एक पूर्वरंग, दुसरा उत्तररंग.

ज्यूंना मात्र ही कथा कोणाचा पूर्वरंग म्हणून मान्य नाही. त्यांचे तेच संपूर्ण कीर्तन आहे. कोकणातील बेने इस्राएल समाजाने तर एकोणिसाव्या शतकात आपल्या शास्त्रातील आख्याने मराठी कीर्तनांतून गायिली. इ. स. ७० मध्ये जेरुसलेमचे मंदिर पडल्यावर त्यांचा कोकराचा बळी थांबला. आज ताटात स्मरणापुरते एक भाजलेले हाड असते. उरली आहे ती मुलांना सुटकेची कथा सांगण्याची आज्ञा.

त्या शास्त्राचे आणखी एक वचन विसरू नये. विकत घेतलेल्या बांधवास सातव्या वर्षी मुक्त करावे आणि रित्या हाताने धाडू नये. कारण तुम्हीही एकदा दास होता, असे ते बजावते. गुढीपाडव्यास आपल्याकडे सालदाराचे नवे साल ठरते. वेठबिगारी कायद्याने १९७६ साली रद्द झाली. परंतु मागच्या उसनवारीपायी कित्येकांचे पुढचे साल आजही बोलण्याआधीच बांधलेले असते. हनुमंताच्या पाळण्याची दोरी ओढणाऱ्या हातांनी यंदा घरची वहीही उघडावी, आणि ज्याचा पाश आपल्या हाती आहे त्याचा तो सोडावा. आम्हांस तरी याहून निराळा बळी देवास प्रिय असेल असे वाटत नाही.