उरलेलं अन्न मेळघाटात पाठवू नका




लग्नसराईत उरलेलं अन्न मेळघाटातल्या कुपोषित बालकांना पाठवावं, अशी सूचना अधूनमधून कोणीतरी करतं. हेतू चांगला आहे. तरीही मेळघाटातच, सेमाडोहला रस्त्यालगत लहानशी खानावळ चालवणारा मी, या सूचनेला ठाम विरोध करतो.

गेल्या उन्हाळ्यात असाच एक टेम्पो आमच्याकडे आला. आदल्या रात्रीच्या पंगतीतलं वरण, भात, वांग्याची भाजी. परतवाडा सोडून घाट चढून येईपर्यंत ऊन तापलं होतं. झाकण काढलं तर वरणाला फेस आलेला. आणणारी पोरं बिचारी रडवेली झाली. शेवटी खड्डा खणून सगळं पुरलं. शिजलेलं अन्न एकतर ६० अंशांच्या वर गरम ठेवावं लागतं, नाहीतर ५ अंशांच्या खाली थंड. उरलेल्या अन्नाच्या वाटपासाठी केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१९ मध्ये नियमावली केली आहे. शहरातल्या शहरात, चांगली व्यवस्था असेल तर ती पाळता येईल. वऱ्हाडच्या उन्हात, घाटरस्त्याने ते होणे नाही.

शिवाय कुपोषित लेकराला एका दिवसाची जिलेबी काय कामाची? त्याला रोज, थोडं थोडं, दिवसातून अनेकदा ताजं खाणं लागतं. ग्राम बालविकास केंद्रं त्याचसाठी आहेत, गरोदर आणि स्तनदा मातांसाठी अमृत आहार योजना आहे. ती नीट चालतात का, हे विचारायला या. त्याचं आम्हाला फार मोल वाटेल. काही जण गाडगेबाबांचा दाखला देतात. बाबा आमच्या अमरावती जिल्ह्यातलेच. पण त्यांनी आंधळ्या-पांगळ्यांना पंगतीला बसवून जेवू घातलं, दुसऱ्याच्या ताटातलं उरलंसुरलं पुढे केलं नाही.

मुळात अन्न वाया जातं ते शिजवण्याआधीच्या अंदाजात आणि वाढताना. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा २०२४ चा अहवाल सांगतो की २०२२ मध्ये जगात १०५ कोटी टन अन्न वाया गेलं, आणि त्यातलं ६० टक्के घराघरांतून. हॉटेलं, खानावळी त्याच्या निम्म्याहून कमी. म्हणजे बोट आधी आपल्याच चुलीकडे वळवायला हवं.

अन्न वाचवणं आपल्याला नवं नाही. आमच्या मेळघाटातले गवळी बघा. दूध नासण्याआधी आटवून खवा करतात. फ्रीज नव्हता तेव्हापासून. वऱ्हाडातल्या आयाबायांनी शिळ्या पोळीचा कुस्करा केला, उन्हाळ्यात वाळवणं घातली. तिकडे वरुड-मोर्शीला मात्र गळलेल्या संत्र्यांचे ढीग बांधावर सडतात, कारण प्रक्रिया करणारे कारखाने पुरेसे नाहीत. हेही सरकारला विचारायलाच हवं.

माझ्याकडे पर्यटक येतात. पूर्वी भरलेलं ताट द्यायचो, निम्मा भात परत यायचा. आता आधी दोन पोळ्या, जरासा भात. लागेल तसं पुन्हा वाढतो, जादा पैसे घेत नाही. ताटं जवळपास रिकामी परत येतात आणि तांदूळही कमी लागतो. पर्यटकांना एक विनंतीही आहे: डब्यातलं उरलेलं कृपया गाडीतून जंगलात भिरकावू नका. त्या वासाने वानरं, रानडुकरं रस्त्यावर येतात आणि चाकाखाली सापडतात.

घराबाहेर, एकाच वेळी मोठी नासाडी होते ती मंगल कार्यालयांत. ५०० ताटांची बोली ठरते, ३५० माणसं येतात, तरी स्वयंपाक ५०० चाच होतो, कारण पैसे ठरलेले असतात. हा करार बदलावा. दोन दिवस आधी पक्का आकडा घ्यावा, भात-भाजी तीन घाण्यांत शिजवावी, तिसरा घाणा माणसं मोजूनच चढवावा. तुळशीच्या लग्नानंतर पुन्हा तिथी सुरू होतील. अमरावती-अकोल्याच्या केटरर मंडळींनी त्याआधी एकत्र बसून हे ठरवावं. न शिजवलेला तांदूळ पोत्यातच राहील आणि पुढच्या लग्नाला चालेल.

आपला,
एक खानावळचालक,
सेमाडोह, ता. चिखलदरा, जि. अमरावती