बारा डबे आणि एम.एस्सी.

इथे बहुतेक वेळा आजी-आजोबांच्या काळातलं ग्वाल्हेर वाचायला मिळतं. मी आजचं लिहिते आहे आणि थोडं मतही मांडते आहे. गोड मानून घ्या.

मी जनकगंजात राहते, जिवाजी विद्यापीठात एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि गेल्या दीड वर्षापासून घरून थालीपिठाची भाजणी, मेतकूट आणि जेवणाचे बारा डबे देते. पोळ्या आईच्या, भाजी-आमटी माझी. सुरू केलं तेव्हा आत्या म्हणाली, "एम.एस्सी. करून डबेच पोचवणार का गं?" शेजारच्या काकूंना वेगळीच काळजी: "स्थळं बघताना काय सांगायचं?"

त्यांचा राग येत नाही. दौलतराव शिंद्यांची छावणी १८१० च्या सुमारास इथे स्थिरावली, तिचंच लष्कर झालं, आणि आपली बरीचशी घराणी आली ती दरबाराच्या चाकरीत. संस्थान गेल्यावर एजी ऑफिस, रेल्वे, बँक, शाळा-कॉलेजं आली. दोनशे वर्षं महिन्याच्या पगारावर घर चालवायची सवय. त्यामुळे काही विकायला काढलं की लोकांना वाटतं, नोकरी मिळत नसणार बिचारीला!

पण शिकताना राबणं आपल्याला नवं नाही. वार लावून जेवणारी, माधुकरी मागून शिकलेली मुलं मराठी घरांतलीच होती. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली आणि मुलांना स्वतःच्या कष्टावर शिकायची वाट दाखवली. १९४७ मध्ये साताऱ्याला छत्रपती शिवाजी कॉलेज निघालं, तिथेही 'कमवा आणि शिका' होतं. वार लावणाऱ्याला सात घरांचे उपकार घ्यावे लागत, कमावणाऱ्याला नाही. मला हीच वाट बरी वाटते.

आता पर्यावरणाचं. माझ्या भाजणीत बाजरी जास्त असते, कारण ती मुरैना-भिंडकडची, इथल्या दाल बाजारात सहज मिळते. डबे स्टीलचे. प्रत्येक गिऱ्हाइकाचे दोन, त्यावर दोनशे रुपये अनामत. भरलेला जातो, कालचा रिकामा परत येतो. आदल्या रात्री आकडा कळतो, म्हणून अन्न उरत नाही. सगळी घरं विद्यापीठाच्या वाटेवरची, म्हणजे स्कूटीला वेगळं पेट्रोल नाही. ह्यात मोठं विज्ञान काही नाही, आपल्या आज्या असंच घर चालवायच्या.

पण धंदा टिकाऊ म्हणायचा तर तो चालवणारीही टिकायला हवी. सकाळी साडेपाच ते नऊ स्वयंपाक, मग डबे पोचवून दहाला वर्ग. बाराचे वीस केले तर पहिलं प्रॅक्टिकल बुडणार. म्हणून तेरावा डबा नाही. मागच्या डिसेंबरात ऐन परीक्षेत एका लग्नघराची चाळीस किलो भाजणीची ऑर्डर आली. मी नाही म्हटलं. बाबा दोन दिवस धड बोलले नाहीत. "संधी दार ठोठावते तेव्हा पुस्तक मिटायचं असतं," हे त्यांचं म्हणणं. माझं म्हणणं, राहिलेला पेपर वर्ष खातो, गिऱ्हाईक मात्र सांगून-सवरून थांबतं. परीक्षेचे पंधरा दिवस डबे बंद राहतील हे महिनाभर आधी सांगितलं होतं. बारापैकी अकरा जण परत आले.

तुमच्याही घरात असं कुणी करू बघत असेल, तर तीन गोष्टी सांगते.

एक, "घरचीच मुलगी" म्हणून भाव पाडू नका. भाजणीला धान्य, दळण, गॅस, कापडी पिशवी मिळून किलोला ११० रुपये जातात, मी १८० ला देते. मधल्या सत्तरात भाजण्याचे तास आहेत आणि माझी पुस्तकंही.

दोन, डबा वेळेवर आणि धुऊन परत करा. तो अडकला की दुसऱ्या दिवशी प्लास्टिकचा वापरायची पाळी येते.

तीन, १ जुलै २०२२ पासून प्लास्टिकच्या ताटल्या, पेले, चमचे देशभर बंद आहेत. गणेशोत्सवाच्या महाप्रसादाला पत्रावळी-द्रोण ठेवा आणि एखादा पदार्थ शिकणाऱ्या मुलांकडून घ्या. मात्र एफएसएसएआयचा १४ अंकी नोंदणी क्रमांक जरूर विचारा. माझ्या पिशवीवर तो छापलेला असतो. फुकटचं कौतुक नको, चोख व्यवहार हवा.

मुलं असं काही करायचं म्हणाली, तर "आधी शीक, मग बघू" म्हणून विषय मिटवू नका. किती डबे झेपतील, ते त्यांच्यासोबत बसून कागदावर मांडा. आकडा लहान आला तरी चालेल. माझा अजून बाराच आहे, आणि येत्या मे महिन्यात शेवटच्या सेमिस्टरची परीक्षा आहे.