सोडण्यातील सामर्थ्य

जो घट्ट धरून ठेवतो तो बलवान आणि जो सोडतो तो दुबळा, अशी आपल्यापैकी पुष्कळांची समजूत असते. भांडणात आपला शब्द मागे घेतला नाही, म्हणजे मोठा पराक्रम केला असे आपल्याला वाटते. ही समजूत एकदा पारखून पाहिली पाहिजे.

प्रथम कुस्तीचा आखाडा पाहू. नवखा मल्ल अंग ताठ करून सारे बळ रेटण्यात खर्च करतो. कसलेला मल्ल समोरचा रेटू लागला, की क्षणभर आपला विरोध सोडतो, चपळाईने वळतो आणि त्याला त्याच्याच जोराने खांद्यावरून पुढे फेकतो. धोबीपछाड या डावाचे मर्म हेच आहे. जपानमध्ये जिगोरो कानो यांनी १८८२ साली ज्यूदो ही विद्या शिकविण्यास आरंभ केला. त्या नावातील ‘ज्यू’ म्हणजे मृदुता. तेथे शिष्याला आरंभीच पडावे कसे हे शिकवितात. कारण पडण्याचे भय सुटले नाही तर अंग ताठ राहते आणि ताठ अंगाला इजा अधिक होते.

आखाड्यातला हा न्याय राजकारणातही दिसतो. १६६५ साली मिर्झाराजे जयसिंग प्रचंड फौज घेऊन आले, तेव्हा शिवाजी महाराजांनी पुरंदरचा तह करून तेवीस किल्ले मोगलांना दिले व बारा आपल्याकडे ठेवले. प्रत्येक किल्ल्यासाठी ते हट्टाने झुंजले असते, तर मोलाची माणसे गमावून बसले असते. त्याच काळात आपल्या मालवणच्या समुद्रात सिंधुदुर्गाची उभारणी चालू होती. ती १६६७ साली पुरी झाली. पुढे १६७० साली कोंढाणा व पुरंदर पुन्हा स्वराज्यात आले. महाराजांनी किल्ले सोडले होते. स्वराज्याचा ध्यास सोडला नव्हता.

रणांगण सर्वांच्या वाट्याला येत नाही. परंतु आमच्या कणकवलीत १९४८ साली गोपुरी आश्रम स्थापन करणारे अप्पासाहेब पटवर्धन यांचे जीवन पाहा. पुण्यातील प्राध्यापकाचे पद सोडून ते गांधीजींच्या कार्यात शिरले. त्याहूनही अवघड अशी एक गोष्ट त्यांनी सोडली. ती म्हणजे उच्च जातीचा अभिमान. मेलेल्या गुरांचे कातडे काढणे, मैला साफ करणे ही कामे समाजाने काही जातींवर लादली होती आणि वर त्यांनाच हीन ठरविले होते. अप्पासाहेबांनी ती आपल्या हातांनी केली. १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात सफाईचे काम मिळावे म्हणून त्यांनी उपवास आरंभिला, तेव्हा येरवड्याच्या तुरुंगातून गांधीजींनीही उपवास करून त्यांना पाठिंबा दिला.

मग गणित कठीण वाटले की तेही सोडून द्यावे काय? मुळीच नाही! जे सोडल्याने हात मोठ्या कामास मोकळे होतात, ते सोडण्यात सामर्थ्य आहे. जे सोडून हात नुसते रिकामे राहतात, ती पळवाट होय. मुलांनो, मित्राशी अबोला धरून ‘मीच आधी का बोलू?’ असा हट्ट तुमच्या मनात येईल, तेव्हा ही कसोटी लावून पाहा. पहिला शब्द बोलण्यास लागणारे बळ अबोला धरण्यास लागणाऱ्या बळाहून फार मोठे असते.