चेटकीण खरी ठरते तेव्हा

भयपटाला मराठी समीक्षेने नेहमी अंगणातच उभे केले आहे. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांच्या भयकथा दोन पिढ्यांनी पांघरुणात शिरून वाचल्या, पण त्यांच्यावर गंभीरपणे लिहावे असे आपल्या समीक्षकांना क्वचितच वाटले. ‘तुंबाड’ (२०१८) आला, धारपांच्या कथेशी त्याचे नाते सांगितले गेले, तेव्हा थोडी चर्चा झाली आणि विरली. ही उपेक्षा आता परवडणारी नाही. आमच्या महाविद्यालयांत प्रथम वर्षाला येणारी मुले-मुली कादंबरी क्वचित वाचतात. भयपट मात्र, मोबाईलच्या पडद्यावर का होईना, चवीने पाहतात. अनोळखी माणूस, घरातील सत्ता, वयात येणारे शरीर यांविषयीच्या त्यांच्या कल्पनांचा काही भाग या चित्रपटांतून घडत असतो. म्हणून हे चित्रपट त्यांना नेमके काय सांगतात, हे विचारणे साहित्याच्या अध्यापकाचेही काम आहे.

प्रश्नाची सुरुवात अर्थातच आपल्याकडे झालेली नाही. पाश्चात्त्य चित्रपटाने किशोरवयीन मुलगी आणि चेटूक यांची सांगड फार पूर्वी घातली. ब्रायन डी पाल्मा यांच्या ‘कॅरी’ (१९७६) मधील शाळकरी मुलगी घरी धर्मवेड्या आईचा छळ सोसते, शाळेत सोबतिणींची कुचेष्टा सोसते, आणि वयात येतानाच तिच्यात एक संहारक शक्ती जागी होते. ‘द क्राफ्ट’ (१९९६) मधल्या चौघी शाळकरी मुली मिळून जादूटोणा करतात. त्यांपैकी एक वर्णद्वेषाने गांजलेली आहे, एकीच्या अंगावर भाजल्याचे व्रण आहेत, एक गरिबीत आणि घरच्या अत्याचारात वाढलेली आहे. म्हणजे चेटूक ही इथे दुबळ्या मुलीच्या हाती आलेली काठी आहे. ती काठी शेवटी बहुतेकींच्या हातून काढून घेतली जाते, हा भाग वेगळा. तरीही या चित्रपटांत मुलीच्या रागाला निदान कारण असते, आणि ते कारण प्रेक्षकाला समजते.

आपल्याकडे चेटकिणीची परंपरा दुहेरी आहे. एक बालरंगभूमीची. मतकरींच्या ‘अलबत्या गलबत्या’मधील चिंची चेटकीण दिलीप प्रभावळकरांनी साकारली आणि पुढे वैभव मांगले यांनी, तिला पाहून मुले घाबरली त्याहून अधिक हसली. दुसरी परंपरा हसण्याजोगी नाही. अमळनेरहून उत्तरेला निघावे, तापी ओलांडावी, चोपडा किंवा शिरपूर मागे टाकावे, की सातपुडा सुरू होतो. या डोंगररांगेत, विशेषतः नंदुरबार जिल्ह्यातील धडगाव-अक्कलकुवा भागात, ‘डाकीण’ हा शब्द गोष्टीतला राहिलेला नाही. गावात मूल दगावते, जनावरे मरतात, कुणाचा ताप उतरत नाही. भगताकडे विचारणा होते आणि एखाद्या बाईकडे बोट दाखवले जाते. ती बहुधा विधवा असते, एकटी असते, किंवा तिच्या नावावर भाऊबंदांना हवा असलेला जमिनीचा तुकडा असतो. मग बहिष्कार, मारहाण, कधी गाव सोडणे, कधी जीव जाणे. हे जुनेच आहे. अजय स्कारिया यांनी १९९७ साली प्रसिद्ध केलेल्या लेखात वसाहतकालीन पश्चिम भारतातील भिल्ल समाजाच्या संदर्भात डाकिणीवरील हिंसेचा अभ्यास मांडला आहे. अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते या भागात वर्षानुवर्षे या प्रश्नावर काम करीत आले आहेत.

या पार्श्वभूमीवर २०१३ हे वर्ष आठवून पाहावे. त्या वर्षी एप्रिलमध्ये ‘एक थी डायन’ प्रदर्शित झाला. त्यातील लहान मुलाला असे वाटत असते की, वडिलांच्या आयुष्यात आलेली नवी स्त्री डायन आहे. मोठेपणी मानसोपचारतज्ज्ञ त्याला समजावतो की, हा बालमनाचा खेळ आहे. इथवर चित्रपट फार चांगला आहे; आई गमावलेल्या मुलाचा मत्सर आणि भीती किती सहज डायनीचे रूप घेते, हे त्यात बारकाईने दिसते. पुढे मात्र चित्रपट माघार घेतो आणि डायन खरीच निघते. त्याच वर्षी २० ऑगस्टला पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा खून झाला. त्यानंतर काही दिवसांतच जादूटोणाविरोधी वटहुकूम निघाला, आणि डिसेंबरमध्ये विधिमंडळाने कायदा मंजूर केला. एखादी व्यक्ती करणी करते, काळी जादू करते, तिच्यामुळे गुरे दूध देईनाशी झाली किंवा रोगराई आली असे भासवून तिला छळणे हा या कायद्याने गुन्हा आहे. सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद आणि पाच हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत दंड अशी त्याची शिक्षा आहे. चित्रपटाचा आणि त्या खुनाचा काही संबंध आहे, असे अर्थातच म्हणायचे नाही. म्हणायचे आहे ते एवढेच, की कायदा आरोप करणाऱ्याला गुन्हेगार मानतो, आणि ज्या कथेत चेटकीण शेवटी खरी ठरते ती कथा त्याच आरोप करणाऱ्याला निर्दोष सोडते. सातपुड्यातील त्या बाईच्या बाजूने पाहिले, तर हा शेवट केवळ रंजनाचा प्रश्न उरत नाही.

आता या परंपरेत किशोरवयीन मुलगी पुन्हा मध्यभागी आली आहे, आणि तीही वेगळ्या वेषात. कृष्णदेव याज्ञिक यांचा गुजराती चित्रपट ‘वश’ (२०२३) आणि त्यावरून विकास बहल यांनी केलेला हिंदी ‘शैतान’ (मार्च २०२४) यांत चेटकीण नाहीच. मांत्रिक पुरुष आहे. प्रवासात भेटलेला हा माणूस एका मुलीला काहीतरी खायला देतो आणि ती त्याच्या आज्ञेत जाते. तो सांगेल तेव्हा ती हसते, नाचते, स्वतःला इजा करून घेते, आपल्याच माणसांवर हात उगारते. मन शुद्धीवर आहे आणि शरीर मात्र दुसऱ्याच्या हुकमात आहे, ही तिची यातना जानकी बोडीवाला या अभिनेत्रीने दोन्ही चित्रपटांत विलक्षण ताकदीने दाखवली. ‘वश’साठी तिला राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. ‘वश’च्या २०२५ मधील दुसऱ्या भागात तर शाळेतल्या मुलींचा घोळकाच या वशीकरणाच्या तावडीत सापडतो.

हे चित्रपट परिणामकारक आहेत, हे मान्य करायला हवे. मांत्रिकाची मागणी फार सूचक आहे: आई-वडिलांनी मुलगी आपल्या हाताने मला देऊन टाकावी. कन्यादानाची ही विटंबना ज्याला सुचली, त्याला आपल्या समाजाची नस सापडली आहे. वयात आलेली मुलगी एक दिवस आपले ऐकेनाशी होईल, कुणा परक्याचे ऐकू लागेल, हे मध्यमवर्गीय घरातील न बोललेले भय आहे, आणि ‘शैतान’ त्या भयाला चेहरा देतो.

पण याच ठिकाणी माझा आक्षेप सुरू होतो. आपल्या गावांत आणि शहरांत, मुलगी स्वतःच्या मनाने काही ठरवते तेव्हा लोक काय म्हणतात? ‘कुणीतरी काहीतरी खाऊ घातलं असेल.’ ‘तिच्यावर कुणी केलं असेल.’ तिने जातीबाहेरचा मुलगा निवडला, शिक्षणासाठी हट्ट धरला, ठरलेले लग्न मोडले, की या वाक्यांना ऊत येतो. वशीकरण हा शब्द इथे एक काम करतो: मुलीला स्वतःचे मन आहे हे तो नाकारतो. तिने निवडले असे म्हणायचे नसते, म्हणून तिच्याकडून करवून घेतले गेले असे म्हणायचे. मग तिच्याशी बोलण्याची गरज उरत नाही. उतारा काढणाऱ्याकडे नेले की झाले. ‘शैतान’मधील बाप प्राण पणाला लावून मुलीला सोडवतो आणि टाळ्या घेतो. त्या टाळ्या वाजवणाऱ्यांत असेही काही बाप असतात, ज्यांच्या मुलीला कुणापासूनच सोडवायचे नसते, फक्त तिचे ऐकायचे असते.

दाभोलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भानामतीच्या प्रकरणांचा जो शोध घेतला, तो इथे मोलाचा आहे. घरावर दगड पडतात, दोरीवरचे कपडे पेटतात, अन्नात घाण सापडते, अशा तक्रारींच्या मुळाशी जाता बहुधा घरातलीच एखादी व्यक्ती सापडते. पुष्कळदा ती मानसिक कोंडी झालेली सून किंवा किशोरवयीन मूल असते. ज्याला बोलता येत नाही, त्याने भानामतीच्या भाषेत बोलणे सुरू केलेले असते. त्या व्यक्तीचे नाव चारचौघांत न फोडता, तिला विश्वासात घेऊन प्रकार थांबवायचा, ही कार्यकर्त्यांची रीत होती. भयपटांच्या कोणत्याही पटकथेपेक्षा ही रीत मला अधिक नाट्यमय आणि अधिक सुसंस्कृत वाटते. तिच्यात राक्षस कुणीच नाही, दुःख मात्र खरे आहे.

किशोरवय नेहमी बळीच्याच बाजूला असते असेही नाही, हे सांगितले पाहिजे. १६९२ साली अमेरिकेतील सेलम गावात चेटकाचे आरोप सुरू झाले ते नऊ ते वीस वर्षांच्या मुलींच्या तोंडून, आणि १९ जण फासावर गेले. आर्थर मिलर यांनी ‘द क्रूसिबल’ (१९५३) लिहिताना अकरा-बारा वर्षांच्या ॲबिगेलला सतरा वर्षांची केली आणि तिच्या आरोपाला प्रेमभंगाचे कारण दिले. नाटककाराची ही सोय समजण्याजोगी आहे. पण मोठ्या माणसांनी आपली जुनी भांडणे मुलींच्या तोंडून वदवून घेतली, ही त्या घटनेतील अधिक भीषण बाजू त्यामुळे थोडी झाकली जाते. मुलांच्या भीतीला मोठ्यांनी पुरावा मानले, की काय घडते याचे सेलम हे उदाहरण आहे.

यावर एक नेहमीचे उत्तर मिळते: मुले काही खुळी नाहीत, चित्रपट हा चित्रपटच असतो हे त्यांना कळते. खरे आहे. भयपट पाहून कुणी मांत्रिक होत नाही, आणि बंदी वा कात्री यांची मागणी मी मुळीच करणार नाही. भीतीची मजा ही कलेची जुनी आणि निरोगी देणगी आहे. पण चित्रपट श्रद्धा देत नसला, तरी भाषा देतो. वर्गातील अबोल मुलीला ‘हिच्यात काहीतरी आहे’ असे थट्टेने म्हणणारी मुले भुताखेतांवर विश्वास ठेवत नसतीलही. शब्द मात्र त्यांना तयार मिळालेला असतो, आणि थट्टेतला शब्द कधी आरोपाच्या कामी येईल याचा नेम नसतो.

दुसरी वाट शक्य आहे, हे विशाल भारद्वाज यांनी २००२ मध्येच ‘मकडी’त दाखवून दिले होते. पडक्या हवेलीतील चेटकिणीला सारे गाव भिते. एक खोडकर मुलगी आपल्या बहिणीसाठी तिथे शिरते, आणि शेवटी उघड होते की चेटूक वगैरे काही नाही, गुप्तधनासाठी रचलेला तो बनाव आहे. विशेष म्हणजे बनाव उघडा पडल्याने चित्रपटातील थरार तसूभरही कमी होत नाही. अन्विता दत्त यांच्या ‘बुलबुल’ने (२०२०) आणखी वेगळे केले: बालवधू म्हणून आलेल्या मुलीची चुडैल कशी झाली, हे तिच्यावर झालेल्या अत्याचारांतून सांगितले. एकीने चेटकिणीचा मुखवटा काढला, दुसरीने मुखवट्याआडचा चेहरा दाखवला.

फेब्रुवारी २०२४ मध्ये अमळनेरात अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले आणि पुढच्याच महिन्यात ‘शैतान’ आला. एकाच गावात, एकाच वसंतात, दोन्ही गोष्टींना गर्दी झाली. लोकसाहित्य शिकवताना आम्ही हडळ, जखीण, डाकीण यांच्या कथा परीक्षेपुरत्या सांगून मोकळे होतो. त्या कथांशेजारी हे चित्रपट ठेवावेत, २०१३ च्या कायद्याची अनुसूची ठेवावी, आणि विद्यार्थ्यांना एकच प्रश्न द्यावा: ही गोष्ट त्या बाईने सांगितली असती, तर कुठून सुरू झाली असती? उत्तरपत्रिकेत याला किती गुण द्यायचे ते नंतर ठरवू. सातपुड्याच्या पायथ्याशी बसून साहित्य शिकवणाऱ्यांनी हा प्रश्न तरी विचारायलाच हवा.